विजेचं बिल, आवाजाची उधारी

कोचीचं विमानतळ १८ ऑगस्ट २०१५ पासून संपूर्ण सौरऊर्जेवर चालतं. हे एकच वाक्य आमच्या घरात दोन माणसं दोन सुरांत म्हणतात. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, विमानतळांवरच्या विजेच्या कामात मुरलेला इंजिनीअर. तो हे अभिमानाने म्हणतो आणि त्याचा अभिमान रास्त आहे. आत्याने सगळी नोकरी कुर्ल्याच्या एका महापालिका शाळेत काढली, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. ती हे वाक्य प्रश्नचिन्ह लावून म्हणते. निवृत्तीनंतर ती नवी मुंबईतल्या उलव्याला मुलाकडे राहायला गेली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथल्याच नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. तेव्हापासून हे दोघे भेटले की दुसरा विषय निघतच नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते एकमेकांत कुठे गुंततं आणि कुठे सुटं पडतं, हे महत्त्वाचं वाटलं म्हणून लिहितो आहे.

"आत्या, अगं जगातलं पहिलं आहे ते," दादा सांगत होता. "मालवाहतुकीच्या इमारतीजवळ ४५ एकर जागा होती, तिथे ४६ हजारांवर पॅनल बसवले. बारा मेगावॉट. दिवसाला पन्नासेक हजार युनिट वीज. पॅनल धुतलेलं पाणी खाली जिरतं, त्यावर भाजी पिकवतात. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी पुरस्कार दिला. आणि आपली मुंबईही मागे नाही. २०२२ पासून तिथली सगळी वीज अक्षय स्रोतांतली, बहुतेक पाण्याची नि वाऱ्याची."

"चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण चालतं म्हणजे काय काय चालतं?"

"दिवे, एसी, सरकते जिने, बॅगांचे पट्टे, धावपट्टीवरचे दिवे."

"आणि विमान?"

"विमानाचं इंधन विमानतळाच्या विजेच्या हिशोबात येत नाही. ते विमान कंपनीचं."

"मग आमच्या डोक्यावरून जातं ते कुणाच्या हिशोबात घालू? कर बरं ते गणित."

दादाने मोबाइल काढला आणि मनापासून गणित केलं. हे त्याचं मला फार आवडतं. आकडा आपल्या बाजूचा नसला तरी तो लपवत नाही. मुंबईहून लंडनला जाणारं मोठं विमान पन्नास टनांच्या आसपास इंधन जाळतं. एक किलो इंधनात साधारण बारा युनिट उष्णता. म्हणजे एका फेरीत सहा लाख युनिट. उष्णता आणि वीज एकास एक मोजू नयेत हे खरं, पण अंदाज बांधायला पुरेसं आहे. कोचीच्या ४५ एकरांवरच्या पॅनलनी बारा दिवस राबून केलेली ऊर्जा एक विमान एका रात्रीत संपवतं, तेही एकाच बाजूच्या प्रवासाला.

"आणि गंमत नाही, खरंच सांगतो," दादा म्हणाला, "आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतात. म्हणून विमानतळ 'कार्बन न्यूट्रल' म्हणवतं तेव्हा ते खोटं नसतं, पण ते घराबद्दल बोलत असतं, गाडीबद्दल नाही. बॅटरीवर मोठी विमानं उडवायची तर एका किलो बॅटरीत पाव युनिट मावतं आणि इंधनात बारा. उडणार कसं? उरतं ते शाश्वत इंधन. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान देशी शाश्वत इंधनाचं मिश्रण भरून गेलं, ते इंधन आपल्या पुण्याच्या प्राजने इंडियन ऑइलबरोबर केलेलं. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का, २०३० पर्यंत पाच टक्के मिसळायचं असं सरकारचं लक्ष्य आहे."

"त्याने आवाज कमी होतो?"

"नाही. इंजिन तेच, आवाज तोच."

इथवर आत्याची सरशी झाल्यासारखं वाटेल. पण दादाचा खरा मुद्दा यापुढे येतो. स्वच्छ वीज आणि शांतता यांचा काही संबंधच नाही, असं समजणाऱ्याने विमानतळाचा ऍप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा, जवळून पाहिलेला नसतो.

"विमान बेवर येऊन उभं राहतं," दादा म्हणाला, "वैमानिक मुख्य इंजिनं बंद करतो. तरी शेपटाकडून एक टोकदार, चिरका आवाज चालूच राहतो. तिथे एक लहान जेट इंजिन असतं, एपीयू म्हणतात त्याला. विमान जमिनीवर असताना आतले दिवे आणि गारवा त्याच्यावर. एअरबस ३२० सारख्या विमानात ते तासाला शंभरेक किलो इंधन पितं. आणि त्याच्याच शेजारी लोडरची पोरं बॅगा उतरवत असतात, पाळीभर. कानाला मफ लावले तरी तो आवाज जबड्यात जाणवतो. काही ठिकाणी एपीयूऐवजी जीपीयू, म्हणजे डिझेलवरचा जनरेटर, आणून लावतात. म्हणजे चिरका आवाज गेला आणि धडधड आली, वर धूर."

"मग?"

"मग आम्ही एरोब्रिजखालून केबल आणली. मनगटाएवढी जाड. विमानाच्या नाकाखाली एक झाकण असतं, ते उघडून ती आत बसवायची. ४०० हर्ट्झची वीज. घरात पन्नास हर्ट्झची असते, पण चारशेला ट्रान्सफॉर्मर नि मोटारी हलक्या होतात, म्हणून विमानात ती वापरतात. दुसऱ्या बाजूने पिवळा जाडजूड पाइप पोटाला लावायचा, त्यातून थंड हवा. दोन्ही लागले की वैमानिक एपीयू बंद करतो. आत्या, त्या क्षणी शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. ती वीज सूर्याची असली तर धूरही नाही. दिल्लीला २०१९ मध्ये टॅक्सीबॉट आला, तो विमानाला इंजिन बंद ठेवून धावपट्टीजवळ ओढत नेतो. हे सगळं एकाच तारेवरचं काम आहे. तू दोन वेगळी प्रकरणं म्हणतेस, मी एकच म्हणतो."

यावर आत्या काही बोलली नाही, आणि मलाही इथे दादाशी पूर्ण सहमत व्हावंसं वाटतं. विमानतळाच्या आवाजाची चर्चा आपण आकाशाकडे बघून करतो, पण सगळ्यात जास्त आवाज सोसणारी माणसं जमिनीवर, विमानाच्या पोटाखाली असतात. त्यांच्यासाठी ही केबल म्हणजे मोठं काम आहे. फक्त ती असून भागत नाही, लावावी लागते. अर्ध्या तासात विमान परत उडवायचं असलं की जोडाजोडीचा वेळ वाचवायचा मोह होतो. झुरिकसारख्या विमानतळांनी एपीयू किती वेळ चालवायचा यावरच बंधन घातलंय. नुसती सोय करून ठेवणं आणि वापर सक्तीचा करणं, यांत फरक आहे.

"दाराशी शांत झालं, मान्य," आत्या थोड्या वेळाने म्हणाली. "आता छपरावरचं बोल. मी तुला एका शाळेचं सांगते. न्यूयॉर्कची, पीएस ९८ नावाची. तिच्या एका अंगाला उंचावरून आगगाडी जायची, दर काही मिनिटांनी. १९७५ मध्ये आर्लिन ब्रोन्झाफ्ट या बाईंनी रुळांच्या बाजूच्या वर्गांतल्या आणि पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. शाळा तीच, पुस्तकं तीच. सहावीला येईतो गाडीकडची मुलं जवळजवळ वर्षभर मागे पडलेली. आणि नीट ऐक, ती गाडी विजेवर चालायची. धुराचा कण नाही."

दादा गप्प. खरं म्हणजे मलाही हे ऐकून थांबावं लागलं. आपण नकळत धरून चालतो की वीज आली म्हणजे धूर गेला आणि धुराबरोबर गोंगाटही गेला. रिक्षा विजेची झाली, बस विजेची झाली, तिथे ते खरंही आहे. पण वेगाने धावणाऱ्या लोखंडी चाकाला आणि हवा कापत येणाऱ्या पंखाला इंधन कुठलं याचं काही देणंघेणं नसतं. उतरणाऱ्या विमानात तर इंजिनाइतकाच आवाज चाकांचा आणि पंखांच्या पसरलेल्या झडपांचा असतो. उद्या त्याच्यात हायड्रोजन भरला तरी चाकं खाली यायचीच.

"मग त्या शाळेचं काय झालं?" मी विचारलं.

"रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तर दोन्हीकडची मुलं सारखी. झालेलं नुकसान भरून निघतं, पण मोजलं तर. माझ्या वर्गात कुणी मोजलं नाही. 'सात सक' म्हणेपर्यंत विमान यायचं, मुलं तोंड उघडं ठेवून थांबायची, आवाज ओसरला की 'बेचाळीस'. त्यांना वाटायचं पाढे असेच म्हणतात. मी हळूहळू बोलणं कमी करून फळ्यावर लिहिणं वाढवलं. गोष्ट सांगणं तर जवळजवळ सोडलं, कारण गोष्टीत ऐन मोक्याला थांबावं लागलं की ती परत जमत नाही. हे नुकसान कुठल्या डेसिबलमध्ये मोजशील?"

"नियम आहेत, आत्या. २०१८ साली केंद्राने विमानतळांच्या परिसरासाठी वेगळी मर्यादा आणली. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त वेळा विमानं चढतात-उतरतात अशा विमानतळाच्या आवाजक्षेत्रात दिवसा ७० डेसिबल, रात्री ६५."

"आणि बाकीच्या वस्तीत?"

"निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५."

"म्हणजे विमानाखालच्या माणसाने रात्री वीस डेसिबल जास्त सोसायचे."

"वीस म्हणजे ऊर्जेच्या मापात शंभरपट," दादा स्वतःहूनच म्हणाला. "दर दहा डेसिबलला दहापट."

मग त्याने जे गणित केलं ते या सगळ्या बोलण्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नियमातला आकडा समतुल्य सरासरीचा असतो. रात्र दहा ते सहा, आठ तासांची, म्हणजे २८,८०० सेकंद. समजा एरवी रात्र निवांत आहे आणि रात्रभरात चाळीस विमानं गेली. प्रत्येकाचा आवाज खिडकीशी ८० डेसिबल, वीस सेकंद टिकणारा. ८० डेसिबल म्हणजे झोपलेला माणूस दचकून जागा होईल इतका. चाळीस वेळा. या रात्रीची सरासरी येते साधारण ६४. नियमात बसते.

"चाळीसदा जागं करून पास!" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "झोप काय सरासरीने मोडते?"

"नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शन केलं तेव्हा विमानांसाठी रात्रीची पातळी ४० सुचवली. सरासरीच, पण इतकी खाली की चाळीस दचके तिच्यात मावणार नाहीत. ती गाठणं कुठल्याही मोठ्या विमानतळाला अवघड आहे, हेही तितकंच खरं."

"सिडनीने घरांच्या खिडक्या बदलून दिल्या ना? जेट विमानांच्या उतरण्यावर कर बसवला आणि त्या पैशातून घरं नि शाळा आवाजबंद केल्या?"

"केल्या. आणि १९९५ चा कायदा करून रात्री अकरा ते सहा उड्डाणंही जवळजवळ बंद केली. पण ते मुंबईला जसंच्या तसं लागू होत नाही. दुहेरी काचेची खिडकी बंद असली तरच आवाज अडवते. मे महिन्यात कुर्ल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी बंद केलीस तर काय होईल?"

"एसी लागेल."

"एसी लागेल, बिल येईल, आणि ज्याला परवडत नाही तो खिडकी उघडी ठेवेल आणि जागा राहील."

इथे मला दोघांचे मुद्दे एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसले. अक्षय वीज घेऊन विमानतळाने स्वतःचं विजेचं बिल स्वच्छ केलं, पण त्याच्या आवाजापायी वस्तीतल्या खिडक्या बंद झाल्या तर एसीची वीज कुर्ला-घाटकोपरच्या मीटरवर चढते, आणि तीही बहुतांशी कोळशाची. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात नसतो. दादा त्याला बाहेर पडलेला खर्च म्हणतो. आत्या उधारी म्हणते.

रात्रीच्या विमानांवर मात्र दोघांचं जमलं नाही, आणि अजूनही जमलेलं नाही.

"फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच नियोजित उड्डाणं बंद," आत्या म्हणाली. "२०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते कायम केलं. हीथ्रोला १९९३ पासून रात्रीचा कोटा आहे, विमान जितकं गोंगाटी तितके जास्त गुण खातं. म्हणजे तिथली माणसं झोपतात. आणि तिकडे पहाटे उतरायचं म्हणून आपल्याकडून विमान रात्री एक-दोनला सुटतं. त्यांची झोप आमच्या जागरणावर का?"

"काही अंशी हे खरं आहे. पण नुसतं तेच नाही. साडेतीन ते साडेपाच तासांचा वेळेचा फरक आहे, पुढची जोडविमानं सकाळी असतात. आणि रात्रीचं विमान कोण पकडतं ते बघ. रत्नागिरीचा पोरगा दुबईला कामावर निघतो, त्याला रात्रीचं तिकीट स्वस्त पडतं. हापूस त्याच विमानांच्या पोटातून जातो, वाशीला प्रक्रिया होऊन. झाडावरून उतरल्यावर त्याला किती दिवस असतात? रात्र बंद केलीस तर ती विमानं दिवसात घुसतील. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. दिवसा आधीच गर्दी. मग विमानं आकाशात घिरट्या घालत बसतील आणि इंधन जाळतील. वस्ती टाळून वळसा घालून आणायचं म्हटलं तरी तेच. शांतता वाढव, धूर वाढतो. धूर कमी कर, वाट सरळ कर, की कुणाच्या तरी घरावरून जाते."

ही अडचण खरी आहे आणि ती टाळून बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. पण आत्याचं उत्तरही खरं होतं. "मी सगळं बंद करा म्हणत नाही. रत्नागिरीचा पोरगा जाऊ दे, आंबाही जाऊ दे. पण रात्री दोनच्या विमानाची किंमत दुपारी दोनच्या विमानाइतकीच का? तुझ्या विजेला मीटर आहे, महिन्याला बिल येतं, म्हणून तुम्ही पॅनल लावलेत. आवाजाला मीटर असला तरी बिल कुठे येतं? आणलं असतं तर विमान कंपन्यांनीच मार्ग शोधले असते."

दादाला हे पटलं, कारण त्याला उदाहरण ठाऊक होतं. युरोपातल्या मोठ्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क आवाजानुसार बदलतं. आणि किती लहान गोष्टीने फरक पडतो बघा, तो म्हणाला. एअरबस ३२० च्या पंखाखाली इंधन टाकीचा दाब सोडणारी गोल भोकं असतात. उतरताना त्यांच्यावरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी शीळ वाजते, खाली दूरवर ऐकू येणारी. जर्मनीतल्या तज्ज्ञांना ती आवाज मोजताना सापडली. भोकापुढे धातूचा एक छोटासा तुकडा बसवला की शीळ बंद. लुफ्थान्साने २०१४ पासून ते तुकडे बसवायला घेतले. चारेक डेसिबलपर्यंत फरक.

"इतका स्वस्त उपाय, आणि इतकी वर्षं ती शीळ वाजत होती," आत्या म्हणाली, "कारण ऐकणाऱ्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं."

नवी मुंबईत ते नाव कागदावर आणायची संधी आहे, असं दोघांनाही वाटतं. म्युनिकमध्ये १९९२ साली जुनं विमानतळ बंद होऊन नवं उघडलं, तेव्हा संशोधकांनी आधीपासूनच दोन्हीकडच्या मुलांच्या चाचण्या घेऊन ठेवल्या होत्या. जुन्या जागेजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारत गेलं. नव्या जागेजवळच्या मुलांचं घसरलं. आपल्याकडे जुनं बंद होणार नाही, नुसतं नवं वाढणार. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, शेवटी नऊ कोटी. सुरुवात दिवसाच्या बारा तासांनी करायची आणि पुढे चोवीस तासांवर जायचं, हे आधीच जाहीर झालेलं. या जागेसाठी दहा गावं उठली, उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडला. त्या स्फोटांचे हादरे आसपासच्या घरांनी वर्षानुवर्षं सोसले. आवाजाची पहिली उधारी तिथेच सुरू झाली होती, विमान यायच्या कितीतरी आधी.

"परिसरातल्या शाळांत मीटर बसवायचे," आत्याने ठरवून टाकलं. "मुलांचं वाचन आत्ताच तपासून ठेवायचं. दोन वर्षांनी पुन्हा."

"मीटर गच्चीवर लावावा लागेल. मोजमाप बाहेर, मोकळ्या जागेत घेतात."

"गच्चीवर कोण शिकतं? वर्गात लाव. खिडक्या उघड्या, पंखा चालू, चाळीस मुलं. आरोग्य संघटना वर्गासाठी ३५ डेसिबल म्हणते ना?"

"रिकाम्या, शांत वर्गात किती असतं तेही मोजावं लागेल मग. नाहीतर म्हणतील मुलंच गोंगाट करतात."

"मोज. दोन्ही मोज. आणि प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा लिही, सरासरी नको. आणि ते आकडे दर महिन्याला शाळेच्या फलकावर लागले पाहिजेत, मराठीत."

"फलकावर कोण लावू देईल, आत्या? परवानगी महापालिकेची की सिडकोची की विमानतळाची, हेच आधी शोधावं लागेल."

"मग ते शोध," ती म्हणाली. "अर्ज मी लिहिते."

अर्जाच्या मसुद्यावर आता त्यांचा वाद चालू आहे. दादाला त्यात एपीयूच्या वेळेचं बंधनही घालायचं आहे. आत्या म्हणते, एका अर्जात एकच मागणी.